सोमवारचं मौन

माझे यजमान विमानदलात मेकॅनिक होते. लढाईपासून त्यांची काही खबर नव्हती. ते परत यावेत म्हणून श्रावणी सोमवारी मी संध्याकाळच्या जेवणापर्यंत मौन धरी. हातानं खूण करणंही त्यात वर्ज्य.

अशाच एका सोमवारी धाकटे दीर देवीदासभाऊजी आम्हाला जुन्या विमानांचं प्रदर्शन दाखवायला निघाले. एक अमरावतीला भरलं होतं, एक अकोल्याला. दिवसात एकच होणार होतं. यजमान दुरुस्त करत त्या जातीचं विमान अकोल्याला होतं, आणि म्हणे त्याला हात लावू देत.

मूर्तिजापूर स्टेशनात भाऊजींनी विचारलं, "वहिनी, कुठचं तिकीट काढू?"

"त्यायले काय इचारता?" जाऊ शकुन हसली. "आज तोंडाले कुलूप हाये. अमरावतीले चला, अंबादेवीचं दर्शनबी होते."

एका शब्दाचं काम होतं. पण तो बोलले असते तर व्रत मोडलं असतं, आणि व्रत यांच्यासाठीच होतं. भाऊजींनी अमरावतीची तिकिटं काढली.

अमरावतीला भाऊजी एका चकचकीत विमानाकडे बोट दाखवून म्हणाले, "हेच असन ना वहिनी, दादाचं?" मी दोरीच्या अलीकडून बघत राहिले.

घरी येऊन जेवले, मौन सुटलं. सगळे देवीच्या गर्दीबद्दल बोलत होते. मी स्वतःशीच हळू म्हणून पाहिलं, "अकोला."