एका माळेइतका वेळ

"मधल्या बोटाने. तेल जरासंच. बोट कातडीवर घसरू द्यायचं नाही, कातडीला सोबत घेऊन फिरवायचं. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि दुखलं की थांबायचं."

दवाखान्यातल्या सिस्टरचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. हवेतच बोट फिरवून ती मला दाखवत होती, आणि मी मनात म्हणत होते, मधलं बोट तर ठरलेलंच आहे. माळेचे मणी मी त्याच बोटावर ओढते. आणि माझी एक माळ बरोबर पाच मिनिटांची होते, घड्याळ लावून पाहिलं आहे.

समोर खुर्चीत माझी नणंद बसली होती. ह्यांची धाकटी बहीण. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्यांना वन्सं म्हणते आणि त्या मला तू म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं रफूचं दुकान आहे. तिथल्या कपाटाची काच निसटली आणि डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत गाल कापत गेली. अकरा टाके पडले. पहिले दोन दिवस मी कपड्यात गुंडाळून बर्फ लावला, दोन उशा देऊन त्यांना निजवलं. गाल इतका सुजला होता की डोळ्याची फक्त फट उरली होती. आरसा बघून त्या म्हणाल्या, "ही कोण बाई माझ्या जागी येऊन बसलीये? तिला म्हणावं, भाडं पडेल."

टाके निघाले, जखम मिटली, मग सिस्टरने हे बोटाचं काम मला दिलं. सूज मात्र जबड्याकडे थोडी अडून बसली होती, आणि मधून जाणारी रेघ गुलाबी आणि टणक होती.

वन्संच्या मनात दुसरंच चाललं होतं. अपघाताच्या आधी पलीकडच्या रस्त्यावरचे घड्याळजी एक शाल घेऊन आले होते. त्यांच्या गेलेल्या बायकोची. मधोमध कसरीने खाल्लेलं भोक. त्यांना आता फार चालवत नाही, म्हणून वन्संनी शब्द दिला होता, "मी स्वतः घरी आणून देईन. तुमच्या भिंगाखाली धरा. रफू सापडला तर नाव बदलीन." घड्याळजी येत्या गुरुवारी कायमचे मुलीकडे राहायला जाणार होते. शाल त्यांनी घरी बसून तयार केली होती. पण वन्संनी उंबरा ओलांडला नव्हता.

"वहिनी, तू देऊन ये ना. तो माणूस आधी शाल बघेल भिंगातून, मग मला."

"शब्द तुम्ही दिलाय."

"चेहरा होता तेव्हा दिला होता."

माझा नेम असा की जाग आल्यापासून माळा पुऱ्या होईपर्यंत मी बोलत नाही. वन्संना चोळायची वेळही तीच ठेवली होती. खिडकीतून दुधासारखा उजेड यायचा, दोरे टांगलेल्या भिंतीवर तो हळूहळू उतरायचा, निळ्या लडीवरून करड्या लडीवर. वन्सं डोळे मिटून मान मागे टाकायच्या. माळ बाजूला ठेवून मी त्यांच्या गालावरच नाम घ्यायचे, एका फेऱ्याला एक. बोटाखाली ती रेघ कधी ओढ्यासारखी वाटायची, कधी ओल्या वाळूत उमटलेल्या दोरीसारखी. मला वाटायचं, मी पाण्याच्या तळाशी बसून कुणाची तरी वाट सपाट करते आहे. बाहेर सायकलची घंटी वाजली तरी ती फार दुरून, मागच्या एखाद्या वर्षातून आल्यासारखी वाटायची.

आणि त्या गुंगीत मला मोह झाला. गुरुवार आठ दिवसांवर आला होता. एका माळेने इतकं होतं, तर तीन माळांनी किती होईल? मी मनाशी संकल्प सोडला. रोज तीन माळा, जरा दाबून. सिस्टरला विचारलं नाही. देवाच्या कामात परवानगी कसली, असं वाटलं.

तीन दिवसांनी गाल लाल झाला, गरम लागू लागला, सूज पुन्हा डोळ्याकडे चढली.

सिस्टरने बघितलं आणि माझ्याकडे वळली. "किती वेळ चोळता?"

मी सांगितलं.

"बाई, जप देवाला जास्त चालतो, कातडीला नाही चालत." मग वन्संना म्हणाली, "आणि तुम्हाला दुखत नव्हतं?"

"दुखत होतं की. जीव जात होता."

"मग बोलायचं नाही?"

"हिचं मौन असतं त्या वेळी. मोडू नये म्हणून गप्प राहिले."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "वन्सं, मौन माझं होतं हो. तुमचं नव्हतं."

"मला काय माहीत, तुझ्या देवाचे नियम दुसऱ्याला लागतात की नाही ते!" असं म्हणून त्या हसल्या, आणि हसताना गाल ओढला जाऊन "आई गं" म्हणाल्या.

चार दिवस बोट लावायचं नाही, नुसती गार घडी ठेवायची असं ठरलं. घरी येताना करारही झाला. मी न बोलता नाम घेईन, त्यांनी खुशाल बोलावं.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा बोट ठेवलं. हलकं, एकच माळ. सूज बरीच उतरली होती, रेघ होती तिथेच होती. वन्सं बोलत होत्या, झोपेतल्यासारख्या. "काल स्वप्नात माझा गाल दुकानात आला होता रफूला. मी म्हटलं, बाई, ह्याच्याच काठाचा दोरा लागेल, बाहेरचा चालणार नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जरा दुखतंय." मी थांबले. "हं, आता चालेल."

माळ संपायला पाच-सात फेरे उरले असतील, तेव्हा त्यांनी माझं बोट धरलं आणि मांडीवरच्या शालीवर नेऊन ठेवलं. "डोळे मीट. शोध."

मी डोळे मिटले. लोकर, लोकर, लोकर, आणि मग एका जागी अगदी पुसटसा उंचवटा. तिथे दोरा निजलेला होता. मी थांबले.

"लागला ना?" वन्सं म्हणाल्या. "डोळ्याला सापडत नाही, बोटाला सापडतो. वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना रफूबद्दल हेच सांगत आले, काही झालंच नाही असं वाटेल." त्यांनी आपलं बोट गालावरून सावकाश नेलं, वरून खाली. "आणि शाल ऊब द्यायचं सोडत नाही. नाव मात्र बदलावं लागणार माझं."

माळ संपेपर्यंत बोलायचं नव्हतं. उरलेले फेरे मनातच पुरे करायचे होते. मी उठले आणि कोपऱ्यातली छत्री आणली. वणावर ऊन पडू द्यायचं नाही, हेही सिस्टरने बजावलं होतं.

वन्संनी शालीची घडी घातली. पदर गालावर ओढायला हात वर गेला होता, तो त्यांनी खाली घेतला. छत्री घेतली, शाल छातीशी धरली, आणि माझी माळ चालू आहे म्हणून दाराचा आवाजही न करता उंबरा ओलांडून निघाल्या.