खर्डेकरची थप्पड

सुरतेत एका साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन उरकून नवनीत पाटील कळसाडीला, आपल्या गावी निघाला होता. उद्घाटनालाही मालकाने खाकी टोपी आणूनच ठेवली होती. 'चौकी नंबर सात' मालिका संपून वीसेक वर्षं झाली, तरी ती अजून टीव्हीवर लागायची, मोबाईलवर तिचे तुकडे फिरायचे. पुढे नवनीतने नाटकं केली, एका सिनेमात आंधळा गायक केला. ते कुणाला आठवत नव्हतं. आठवायची ती त्याने रंगवलेल्या इन्स्पेक्टर खर्डेकरची थप्पड. ती कानाखाली बसली की संशयित घडाघडा बोलायला लागायचा.

विसरवाडीच्या फाट्यावर तो चहाला उतरला, तर हॉटेलपुढे गर्दी. एका माणसाला बाकावर दाबून बसवलेलं. ओठ सुजलेला. बायको पिशवी छातीशी धरून शेजारी उभी.

हॉटेलवाला दिलवरसिंग नवनीतला बघून धावतच आला. "साहेब, देवनी धाडं तुम्हले. गल्ल्यावरना मोबाईल चोरा यानी, कबूल करत नही. एक खर्डेकरनी थप्पड मारा."

गर्दी हसली. फोन वर झाले. नवनीतच्या मस्तकात तिडीक गेली.

"नाव काय याचं?"

कुणालाच माहीत नव्हतं. बाकावरचा माणूसच बोलला, "जेठ्या. नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर हाये. बसची वाट बघत होतो. मी नाय घेतला."

"झडती घेतली?"

"घेतली," दिलवरसिंग म्हणाला, "पण दुसऱ्याकडे दिला असंल ना. तुम्ही मारा, लगेच बोलेल. आम्ही रोज बघतो ना साहेब."

"काय बघता रे?" नवनीतचा आवाज चढला. "चोर कोण ते लेखक मला आधीच सांगायचा. म्हणून मी मारायचो. तुम्हाला कोणत्या लेखकाने सांगितलं? सोडा त्याला. मोबाईल गेला असेल तर चौकीत तक्रार द्या."

मग कुणीतरी टाळी वाजवली, मागोमाग सगळ्यांनीच. एक जण फोन सावरत पुढे आला. "साहेब, भारी डायलॉग. परत एकदा बोला ना, ट्रकमुळे आवाज नीट आला नाही."

नवनीतने त्याचा हात असा झटकला की फोन धुळीत पडला.

तेवढ्यात नवापूरची बस आली. जेठ्या आणि त्याची बायको सोमीबाई चढली, आणि त्यांच्यामागून गर्दीतले दोन पोरगे एकमेकांना खुणा करत दाराकडे सरकले. नवनीतने ते पाहिलं. आपली गाडी तिथेच सोडून तो बसच्या दारात आडवा उभा राहिला. "चढून दाखवा," तो म्हणाला. पोरगे मागे हटले. बस हलली, तरी तो उतरला नाही.

जेठ्याच्या पुढची जागा रिकामी होती. पिशवी वर ठेवून द्यावी म्हणून नवनीतने हात पुढे केला, तशी सोमीबाईने झटकन नवऱ्याला आपल्या मागे ओढलं.

"मी मारणार नाही, बाई."

"आमच्या घरी पण लागते तुमची मालिका," ती म्हणाली. "पोरं बघतात."

नवनीत पुढे तोंड करून बसला. त्याचे कान तापले होते. मागे ती दोघं कोकणीत, आपल्या आदिवासी बोलीत, हळू आवाजात काही बोलत होती. नवापूर येईपर्यंत त्याने मान वळवली नाही.