बरणीतलं पाणी

मुठा गावच्या जत्रेतल्या नाटकात दिवे भकाभका पेटायचे आणि फटकन विझायचे. पुण्याहून आलेला माणूस दोन खटके दाबायचा आणि मध्ये बिड्या ओढायचा. अठ्ठ्याहत्तर साली मात्र उजेडाचं काम पहिल्यांदा गावातल्याच माणसाकडं आलं, बौद्धवस्तीतल्या जयवंताकडं. शहरातल्या एका नाट्यगृहात त्यानं चार वर्षं वायरमनचं काम केलं होतं. डोंगराआड ऊन उतरावं तसा रंगमंचावरून उजेड उतरताना त्यानं तिथं पाहिला होता. तो उजेड आपल्या गावात उतरावा, वस्तीनं समोर बसून तो बघावा, आणि पुढल्या साली हे काम आपल्याकडंच राहावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

उजेड कमीजास्त करणारा डिमर आणायचा कुठून? त्यानं लोणच्याची मोठी बरणी घेतली, मिठाचं पाणी भरलं. तळाशी लोखंडाचा एक पत्रा, वरून दोरीला टांगलेला दुसरा, दोन्हींना वायर. दोरी सैल सोडली की पत्रे जवळ येत, दिवा उजळे. दोरी ओढली की दिवा मालवत जाई.

तालमीला शाळेच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगून भर दुपारी अंधार केला होता. जयवंतानं सगळ्यांना बजावलं, “ह्या पाण्याला कुनी हात लावायचा न्हाई.”

हैबतराव पाटील नाटकात बाप व्हायचे आणि गावातही सगळ्यांचे बापच. ते मांडीवर थाप मारून हसले. “ऐका रं! आता ह्यो आपल्याला म्हनतोय, पानी शिवू नका!”

सगळे हसले. जयवंतही हसला. हसणं ओसरल्यावर त्यानं करंटचं समजावून सांगितलं, तेव्हा नटमंडळी मागं सरकली. पण दाराशी चहाची किटली घेऊन आलेल्या हैबतरावांच्या आईनं, गोजराबाईनं, पहिलं तेवढं ऐकलं होतं. करंटचं ऐकायच्या आत किटली ठेवून ती निघून गेली होती.

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीनंतर पडदा उघडला. शेवटचा प्रवेश आला. लेक सासरी गेली, बाप ओसरीवर एकटा. विंगेतून ओवी आली:

*लेक निघाली सासरी, मागं वल्ला गं उंबरा,*
*बाप बसला अंधारी, दिवा कोन लावी घरा.*

जयवंत विंगेत दोन्ही हातांनी दोरी धरून बसला होता. एक वीत वर, अजून एक बोट. उजेड हैबतरावांच्या खांद्यावरून खाली येत होता. समोरची माणसं गप्प झाली होती. वस्तीतली पोरंसोरंसुद्धा.

“जयवंता.” मागं गोजराबाई, हातात तांब्या. “तुजी आई व्हती ना, रंभा. तिच्या वंजळीत मी वरनं पानी वतलंय, लांबनं. मरून गेली बिचारी. आज मी तुज्यातलं पिनार हाय.”

“आजी, नगा!”

तो कुजबुजला. ओरडावं तर प्रवेश मोडेल. ती कानानं जड, खाली वाकली. तांब्या बरणीच्या तोंडाशी गेला.

जयवंतानं दोरी सोडली आणि मेनचा खटका पाडला.

काळोख. मग शिट्ट्या.

“करंट हाय त्यात,” त्यानं तिचं मनगट धरलं. “जीव गेला असता तुमचा.”

“आन् मला वाटलं, आमाला चिडवाया म्हनालास तू तसं,” ती पुटपुटली.

हैबतराव धडपडत आत आले, अर्धी मिशी लोंबत होती. मागं नटमंडळी, त्यांच्या हातात बॅटऱ्या. “कुनी घालवला उजेड? माज्या प्रवेशात?”

जयवंतानं म्हातारीकडं पाहिलं. एक वाक्य बोललं की तो सुटला असता. पण पाटलाची आई कुणाच्या बरणीतलं पाणी प्यायला वाकली, हे उद्या पाणवठ्यावर बायका किती रंगवून सांगतील, तेही त्याला दिसत होतं.

“फ्यूज गेला, दादा.”

“तरी म्हनत हुतो, पुन्याचा मानूस आना! पुढल्या साली तू खाली बसून बघ. आता लाव लौकर.”

गोजराबाईचे ओठ हलले. कुणाच्या तरी बॅटरीचा झोत तिच्या तोंडावर आला, तशी तिनं पदर पुढं ओढला. “मी पानी बघाया आले हुते,” ती लेकाला म्हणाली, आणि रिकामा तांब्या घेऊन पायऱ्यांकडं वळली.

ती लांब जाईस्तोवर जयवंत थांबला. मग खटका वर केला, दोरी धरली. हैबतराव पुन्हा ओसरीवर बसले. उजेड त्यांच्या खांद्यावरून हातांवर, हातांवरून पावलांवर उतरत गेला आणि पुढं बसलेलं कुणी खोकलंसुद्धा नाही.

जयवंतानं ते पाहिलं नाही. हातांना दोरीची वीत पाठ होती. त्याची नजर पायऱ्यांवर होती, आजी पुन्हा बरणीकडं माघारी फिरतेय का म्हणून.