कोरी कळशी

कुंभकोणमच्या भांड्यांच्या पेठेत एका दुकानाच्या पायरीवर बसून सुब्रह्मण्यराव भांड्यांवर नावं घालतात. गिऱ्हाईक लग्नाचा आहेर घेऊन बाहेर आलं, की छिन्नीच्या एकेका टिंबातून देणाऱ्याचं नाव पितळेवर उमटतं. बऱ्या दिवसांत लोक नावापुढे गावही घालून घेत. आडुतुरै, तिरुप्पनंदाळ, सगळा मुलूख त्यांच्या मांडीवर येऊन जाई.

यंदा लोक हलकी भांडी घेतात आणि म्हणतात, "राहू दे नाव." बिननावाचं भांडं ज्याला आहेरात मिळतं, त्याला ते पुढच्या लग्नात आहेर म्हणून फिरवता येतं. दुपारी डोळा लागला, की सुब्रह्मण्यरावांना त्या कळश्या दिसतात, या मांडवातून त्या मांडवात झोपेत चालत निघालेल्या. त्याच त्या फिरत राहतात, नवी कुणी घेत नाही, आणि पेठ उन्हाळ्यातल्या कावेरीसारखी आटत जाते. जाग आली, की लोकांच्या चिकटपणाचा त्यांना भारी राग येतो.

आज भाचीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः कळशी घेतली. पितळेवर छिन्नी टेकवली, तोच डबा घेऊन आलेली त्यांची बायको नागलक्ष्मी हलकेच म्हणाली, "नवऱ्यामुलाच्या नोकरीचं काही खरं नाही म्हणतात. अडीनडीला पोरीला ही कुणाला देता आली तर?"

छिन्नी तशीच थांबली. कळशीच्या पोटात पेठ उलटी, पिवळी, तरंगत होती.

"राहू दे नाव," सुब्रह्मण्यराव म्हणाले.