भाकरीच्या अंतरावरचं फ्रँकफुर्ट

घरातल्या मुली कुठे द्यायच्या, याचा तळेगावच्या गोजाबाईंनी एक नियम केला होता. सकाळी फडक्यात बांधलेली भाकरी शिळी व्हायच्या आत लेकीच्या दारात पोचता आलं पाहिजे. या नियमाने त्यांची एक लेक चाकणला गेली, दुसरी देहूला, आणि बार्शीचा एक देखणा मास्तर पोहे खाऊन परत गेला.

१९७८ साली त्यांच्या भाचीला, नीलाला, आकुर्डीच्या ज्योतीरामचं स्थळ आलं. अंतर उत्तम. पण मुलगा कारखान्यात टूलरूमला होता आणि कंपनी त्याला तीन वर्षं जर्मनीला धाडत होती, बायको असल्यास बायकोसकट. नीलाला मुलगा पसंत होता. तसं ती कुणाला बोलली नव्हती, पण त्या दिवशी पोह्यांवर खोबरं जरा जास्तच पडलं होतं.

"किती लांब हाय म्हणायचं?" गोजाबाईंनी विचारलं.

मुलाचे वडील मारुतराव विमानाचं वेळापत्रक खिशात घालूनच आले होते. "मुंबईहून सकाळी सातला उडतं. फ्रँकफुर्टला साडेअकराला टेकतं."

"साडेचार तास? बार्शीपरीस जवळ हाय की!"

इथेच सुपारी फुटली असती. पण टूलरूममध्ये केसाइतका फरकही चालत नाही, आणि ती सवय ज्योतीराम घरी सोडून आला नव्हता.

"आत्याबाई, लागतात नऊ तास. तिथली घड्याळं साडेचार तास मागं असतात."

"मागं? मग दुरुस्त करत न्हाईत व्हय? आन असल्यांकडं तू यंत्रं शिकाया चाललास?"

ज्योतीरामने ताटलीतला बेसनाचा लाडू उचलला. "ही पृथ्वी आहे असं धरा..."

"ज्योती, पृथ्वी खाली ठेव," मारुतराव दबक्या आवाजात म्हणाले.

"आन परत यायला?" गोजाबाईंनी विचारलं.

मारुतराव वेळापत्रकाची घडी घालू लागले. ज्योतीरामने सांगून टाकलं, "सकाळी दहाला निघून रात्री अकराला."

माजघरात काहीतरी पितळेचं पडलं. मारुतरावांनी टोपी उचलली.

गोजाबाई बोटांवर मोजत होत्या. "म्हंजे आमी भेटाया निघालो तर साडेचार तास, आन ही रुसून माह्यारी निघाली तर तेरा?"

"दिसतं तसं, पण खरं पाहता दोन्हीकडून..."

"थांब रं. माझी चाकणची लेक रुसली की पहिल्या एसटीनं दारात हजर. राग गरमच असतोय. मग जावयाशी भांडाया मला जावं लागतं. तेरा तासांत राग निवतोय, झोप लागती, उतरल्यावर कशापायी आलो तेबी ध्यानात ऱ्हात न्हाई. मारुतराव, टोपी ठेवा. सुपारी फोडा."

ज्योतीरामने पुन्हा लाडू उचलला. "आत्याबाई, तुमचा गैरसमज होतोय. ही पृथ्वी..."

नीला चहा घेऊन बाहेर आली. त्याच्यापुढे कपबशी ठेवताना, त्याच्याकडे न बघता, ती त्याच्याशी पहिलं वाक्य बोलली.

"लाडू खाऊन टाका."

ज्योतीरामने पृथ्वी अख्खी तोंडात कोंबली. सुपारी फुटेपर्यंत त्याला बोलता आलं नाही.