चाळीस कार्डं

बिट्टी आठ वर्षांची झाली तरी तिला वाचता येईना. महिनाअखेरच्या चाचणीत जमलं नाही तर खालच्या वर्गात बसवू, असं बाईंनी तिच्या आईला बोलावून सांगितलं. तेव्हापासून आईच्या जिवाला थारा नव्हता. रोज उठल्याउठल्या चाळीस कार्डं, चाळीस शब्द. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पोरगी मुसमुसायची, आई दात-ओठ खात पुढचं कार्ड धरायची. चौथ्या आठवड्यात बिट्टी चाळीसच्या चाळीस शब्द घडाघडा म्हणू लागली, आणि आईने सुटकेचा निःश्वास टाकला.

आई एका पार्सल कंपनीत प्रोग्रामर होती. पाकिटांवरचे हाताने लिहिलेले पत्ते वाचायला ती संगणकाला शिकवत असे. चाचणीला दोन दिवस उरले होते, त्या दुपारी तिचा प्रोग्राम जुन्या पाकिटांवर एकही चूक करेना आणि नवं पाकीट दिलं की सपशेल आपटे. शेजारच्या टेबलावरचे काका खुर्ची सरकवून आले.

"तीच तीच पाकिटं घोटून घेतलीस," ते म्हणाले. "अक्षर कुठं ओळखतोय तो? त्यानं पाकिटं पाठ केलीत."

घरी येताच तिने कोऱ्या कागदावर 'घर' लिहून बिट्टीपुढे ठेवलं. बिट्टी कागद उलटसुलट करून बघू लागली.

"रोज तर म्हणतेस."

"त्या कार्डाचा कोपरा फाटलाय," बिट्टी हळूच म्हणाली. "'पाणी'वर डाग आहे."

आईने कार्डं बाजूला सारली. मग तिने, चुकलं तरी चालेल, मनाला येईल ते सांग, म्हणून नाना परीने विनवलं. बिट्टी कागदाकडे बघतच नव्हती. ती आईचा चेहरा वाचत होती.

"तू रागावशील," ती म्हणाली.

चाचणीत ती एक अक्षर बोलली नाही. तिला खालच्या वर्गात बसवलं. ऑफिसात आईने प्रोग्रामचं सगळं शिकलेलं पुसलं आणि वेगवेगळ्या हातांची हजारो पाकिटं देऊन त्याला नव्याने शिकवायला घेतलं. सुरुवातीला तो वाटेल ते बरळायचा, आणि ते बघून तिला रडू फुटायचं. पोरीची भीती मात्र तशी पुसता येत नव्हती.

महिन्याभराने दोघी दवाखान्यात नंबर लावून बसल्या होत्या. समोरच्या पाटीकडे बघत बिट्टीचे ओठ हलले. आई पुढे झुकली. तेवढ्यात बिट्टीने तिच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

आपला चेहरा तिला दिसू नये म्हणून आईने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.