जावईबापूंचं इंजिन

सातपूरच्या कारखान्यात मनोज अकरा वर्षं खोकी भरत होता, आणि सुरगाण्याकडच्या सासुरवाडीत मात्र गेली सहा वर्षं तो इंजिनं बनवत होता. दोष तसा त्याचा नव्हता. लग्न जुळवणाऱ्या मावशीने मुलीकडे सांगितलं होतं, "मुलगा इंजिनच्या कारखान्यात हाय," आणि ते शंभर टक्के खरं होतं. तिथे इंजिनाचे सुटे भाग बनत. बनलेला भाग खोक्यात घालायचा, टेप मारायची, पत्ता चिकटवायचा, एवढं मनोजचं काम. हा तपशील कुणी विचारला नाही, आणि न विचारलेलं सांगत सुटायला मनोज एवढाही साधा नव्हता.

त्यात तो पडला जावई. त्या घरात जावयाचा शब्द खाली पडू देत नसत. कुणाचा पंप बंद पडो की मळणीयंत्र अडो, सासरे काळूमामा त्याला यंत्रापुढे उभं करून विचारत, "काय झालं असंल, जावईबापू?" मनोज यंत्राभोवती एक फेरी मारी, हनुवटी चोळी आणि म्हणे, "कार्बन धरलाय." कधी म्हणे, "हवा घेतंय." दोहोंपैकी एक बहुतेक वेळा लागू पडे, आणि नाही पडलं तर यंत्रच हट्टी ठरे. चैतालीला, म्हणजे त्याच्या बायकोला, सगळं ठाऊक होतं. "एक दिवस तोंडघशी पडाल," ती म्हणायची आणि वर हसायची.

तो दिवस यंदाच्या रानडुकरांनी आणला. काळूमामांचे वडील नावाजलेले शिकारी. काळूमामांच्या वाट्याला मात्र शिकार आली ती शिकारबंदीचा कायदा आल्यानंतर, त्यामुळे त्यांनी उभ्या जन्मात डुकराला फक्त हाकललं होतं. तरी ते त्याला शिकारच म्हणत, आणि कुणी हसलं तर दोन दिवस त्याच्याशी बोलत नसत. पहाटे दहाबारा जण ओळीने रानात उतरायचे, पत्रे आणि डबे बडवायचे आणि डुकरांना डोंगरापलीकडे काढून द्यायचे. याला ते हाका म्हणत. अडचण एवढीच, की शेतं तीन टेकड्यांवर विखुरलेली. एका टेकडीवरून हाकललेली डुकरं, माणसं चालत पोचेपर्यंत, दुसऱ्या टेकडीवरची नागली खाऊन तृप्त झालेली असायची. तेव्हा गावाने ठरवलं, शिकारीसाठी एक जुनी पिकअप घ्यायची. आणि गाडी निवडणार कोण? जावईबापू!

आडगाव नाक्याजवळच्या एका आवारात जुन्या गाड्या विकायला उभ्या होत्या. काळूमामा स्वच्छ टोपी घालून आले होते, सोबत मेहुणा बुधा गाडी चालवायला. मनोजने मुद्दाम कारखान्याचा निळा शर्ट घातला होता, खिशावर नाव असलेला. आवारात त्यांच्या कामाच्या दोनच गाड्या निघाल्या. एक पांढरी, पंधराशे सीसीची, जरा मळकी. दुसरी अडीच हजार सीसीची, नवा हिरवा रंग दिलेली, पुढून एखाद्या पुढाऱ्यासारखी छाती काढून उभी.

काळूमामांचा जीव हिरवीवर जडला. "दहा माणसं, चार कुत्री, पत्रे, डबे," ते बोटांवर मोजत म्हणाले. "घाट चढायचा तर मोठंच इंजिन पायजे. नाय का, जावईबापू?"

"बघू," मनोज गंभीरपणे म्हणाला आणि हनुवटी चोळू लागला.

तेवढ्यात आवाराचा मालक स्वराज ऑफिसातून बाहेर आला. त्याने मनोजच्या खिशावरचं नाव वाचलं, मग तोंड पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.  हा स्वराज पूर्वी दोन वर्षं कंत्राटावर मनोजच्याच टेबलावर टेप मारत होता. जेवणाच्या सुट्टीत मनोजच्या डब्यातली भाकरी खायचा.

"साहेबांना जरा चहा पाजतो," असं म्हणून स्वराजने त्याला खांद्याला धरून टायरांच्या ढिगामागे नेलं.

"मन्या! आणि इंजिनिअर कधी झालास?"

"हळू बोल रे," मनोज कळवळला. "सासरे आहेत माझे."

"कळलं की. ते मघाशी पोऱ्यांना सांगत होते, आमचे जावई इंजिन बनवतात म्हणून." स्वराज खुशीत आला. "हे बघ, मी कशाला कुणाचा संसार मोडू? तू हिरवीवर बोट ठेव, मी तोंडाला टेप मारतो. तुझीच पद्धत, आडवी दोन आणि उभी एक."

मनोज चहाचा ग्लास हातात धरून उभा राहिला. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिलं मिनिटभर तो हिरवीच्या बाजूचा होता. काय बिघडणार होतं? मोठं इंजिन म्हटलं की कुणीही मान डोलावतो. सासुरवाडीत जो मान होता तो राहिला असता, चैतालीचे चार शब्द ऐकले की झालं.

पण इंजिन उघडून पाहिलं नसलं तरी मनोजला एक गोष्ट पक्की माहीत होती. कुठल्या गाडीचं काय मोडतं, हे गाडी बनवणाऱ्याच्या आधी खोकी भरणाऱ्याला कळतं. हिरवीसारख्या जुन्या मोठ्या इंजिनांना लागणाऱ्या इंजेक्टरची खोकी दर आठवड्याला त्याच्या हातून जात, आणि पत्ते बहुतेक घाटातल्या गावांचे असत. पंधराशेचं खोकं महिन्याकाठी एखादं. घाटात हिरवी बंद पडली असती, तर काळूमामांनी गावाला काय तोंड दाखवलं असतं? ते तर जावयाचंच नाव सांगून गाडी आणणार होते. हा विचार आला आणि मनोजला चहा कडू लागला.

तो परत आला तेव्हा काळूमामा हिरवीच्या दारावर हात फिरवत होते. मागोमाग स्वराज हसत येऊन उभा राहिला. "काका, या इंजिनचा नुसता आवाज ऐकूनच डुकरं गुजरातेत जातील! काय साहेब?"

"मामा," मनोज म्हणाला. आवाज चिरका निघाला म्हणून त्याने खाकरून पुन्हा सुरुवात केली. "मामा, मी इंजिन बनवत नाही. कधीच बनवलं नाही. मी खोकी भरतो. आत काय असतं ते मला वरच्या चिठ्ठीवरून कळतं."

बुधाचं तोंड उघडंच राहिलं. स्वराजचं मिटलं.

"पण हिच्या इंजेक्टरची खोकी मी दर आठवड्याला भरतो, म्हणून सांगतो, ही घेऊ नका. पांढरी घ्या. दहा माणसं म्हणजे सहासातशे किलो, तेवढं ती ओढते. आणि अगदीच अडली, तर तुमची माणसं खाली उतरून ढकलतील. कांद्याच्या गोण्या काही उतरत नाहीत. मोठं इंजिन कांद्याला लागतं, शिकारीला नाही."

 काळूमामांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि मनोजला वाटलं, आता आपल्याला इथेच आडगाव नाक्यावर सोडून जातील. पण ते खाली बसले. हिरवीच्या चाकांपाशी उकिडवे बसून त्यांनी डुकराचा माग बघावा तशी जमीन बघितली. चाकाच्या चारी बाजूंनी हरळी वाढली होती. त्यांनी एक काडी उपटली, मुळापर्यंत निरखली आणि उठले.

"ही गाडी पावसाळ्याच्या आधीपासून हलली नाय," ते स्वराजला म्हणाले. "गिऱ्हाईक येतं, बघतं, जातं. पांढरीची चावी आण."

स्वराजने चावी आणली. मनोजकडे न बघता आणली, एवढी लाज त्याला उरली होती. सह्या झाल्या, आणि सवयीने बुधाने जावयासाठी पुढचं दार उघडलं. काळूमामा त्यातून आत चढले आणि दार ओढून घेतलं.

"मागं बस," ते म्हणाले.

सहा वर्षांत ते मनोजला कधी अरेतुरे बोलले नव्हते. तो गुमान मागच्या हौद्यात चढला. दिंडोरी गेली, वणी गेली, तरी केबिनची मागची काच बंदच. वारा कानात शिरत होता, हौद्याचा पत्रा बुडाला लागत होता, आणि मनोजला आतून रडू येत होतं. गेला तो मान, गेलं ते 'जावईबापू'. खरं बोलून माणसाला हलकं वाटतं म्हणतात, त्याला तर गोणीएवढं जड वाटत होतं. घाटात पांढरी कुरकुरत, दुसऱ्या गिअरवर का होईना, चढत राहिली, एवढंच समाधान.

मध्येच मागची काच सरकली आणि काळूमामांचं नाक दिसलं. "मग माझ्या पंपाला सहा वर्सं कार्बन धरत होता तो?"

"अंदाजे सांगायचो, मामा."

काच बंद झाली. आत बुधा हसत सुटला, त्याला काळूमामांनी गप्प केलं, आणि मग दोघांच्याही पाठी हलताना दिसल्या.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. सासूबाई फुलाबाईंनी नेहमीप्रमाणे अंगणात खाट टाकली, वर धुतलेली गोधडी अंथरली. जावयाने तिथे बसायचं, कोंबडी खायची, आणि पहाटे सगळे रानात गेले की लांबून पत्र्यांचा आवाज ऐकत लोळायचं, असा त्या घराचा रिवाज. जावयाला हाक्यात पळवत नसत. त्याचा पाय मुरगळला तर मुलीच्या बापाने कुठं तोंड लपवायचं?

मनोज खाटेकडे निघाला, तोच काळूमामांनी गोधडी उचलून घडी घातली.

"हा पहाटे हाक्याला येतोय," ते म्हणाले. "वरच्या बांधावर माणूस कमी हाय. डुक्कर तिकडनंच फुटून पळतं."

"अहो!" फुलाबाई घाबरल्या. "जावई हाय तो!"

"जावई होता तवर बसवला. आता घरचा हाय, पळू दे."

'घरचा' हा शब्द मनोजला गोड लागला, आणि त्याच क्षणी त्याला डुकराची भीतीही मनापासून वाटली. बुधाने आपले जुने बूट आणून त्याच्यापुढे टाकले. ते एक नंबर लहान होते. तरी मनोज उकिडवा बसून नाड्या सोडवू लागला.